क्रोम आहे, मग गंज कुठून आला?

प्रश्न : ट्रॉलीच्या जॅकचा ५० मिलीमीटरचा जुना रॉड दीड वर्षापूर्वी हार्ड क्रोम (विजेच्या टाकीत चढवलेला क्रोमियमचा कडक थर) करून घेतला. '५० मायक्रॉन (०.०५ मिलीमीटर) चढवलंय' असं प्लेटिंगवाला म्हणाला होता. आता रॉडवर तांबूस ठिपके आलेत. दोनदा सील बदललं, तरी तेल गळतंच. ट्रॉलीत शेणखत, मुरूम, कधी पोटॅशची पोती असतात. चूक कोणाची? परत क्रोम करू का?
– एक शेतकरी, ता. वाळवा

उत्तर : तीस वर्षं क्रोमच्या टाकीवर काढली, हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर यायचाच. आधी एक सांगा, ५० मायक्रॉन व्यासावर की एका बाजूला? मायक्रोमीटर या मापाच्या हत्याराने व्यास ०.०५ मिलीमीटर वाढलेला दिसला असेल, तर एका बाजूला २५ मायक्रॉनच झालं. जॅकच्या रॉडला तेवढं चालतं म्हणा, पण ग्राहकाला मोठा आकडा ऐकवायची आमच्या धंद्यातली ही जुनी खोड.

माझा खरा संशय जुन्या खड्ड्यांवर आहे. क्रोम खड्डा भरत नाही. करंट कडेला जास्त जातो, तळाशी कमी, त्यामुळे कडा फुगते आणि खड्डा खड्डाच राहतो. त्यात हार्ड क्रोमला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतातच. तिथून पाणी लोखंडापर्यंत गेलं की क्रोम शाबूत राहतं, खालचं लोखंड सडतं. असा एक रॉड मी कापून भिंगाखाली धरला होता. वर आरशासारखी चकाकी, खाली टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी, गंजाच्या भुकटीने भरलेली.

आणि पोटॅश! ते म्युरेट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड असेल, तर त्यात क्लोराइड आलं. आम्ही जुनं क्रोम उतरवायला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरतो, त्यातलाच हा भाऊबंद. थोडक्यात, चूक दोघांची.

आता तेलाच्या फडक्याने ठिपके पुसा आणि रॉडवरून नख फिरवा. नख अडलं नाही, तर रॉड तसाच वापरा. अडलं, तर सील कितीही बदला, ते कापलं जाणारच. मग जुनं क्रोम उतरवून, खड्डे जाईपर्यंत ग्राइंडिंग करूनच नवं चढवायचं. व्यासातून अर्धा मिलीमीटर काढावं लागणार असेल, तर नाद सोडा. एका बाजूला ते २५० मायक्रॉन झालं. टाकीत तासाला वीस-पंचवीस मायक्रॉन चढतं, म्हणजे तेवढं भरून काढायला दहा-बारा तासांचं बिल. त्यापेक्षा तयार क्रोम बार घेऊन आटे पाडून घ्या. परत प्लेटिंगच करणार असाल, तर खाली निकेलचा थर देतात का विचारा. पैसे जास्त जातात, पण गंजाला तोच अडवतो.

ट्रॉली धुऊन निथळायला उचललेली ठेवता ना? ती सवय मोडा. रॉड सिलिंडरच्या आत असू द्या. पोटॅशची खेप झाली की आधी रॉड साध्या पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवा. आणि सील बदलताना सिलिंडरच्या तोंडावरचं, रॉडवरची घाण पुसणारं वायपरही बदला. दोन्ही वेळा तेच जुनं ठेवलं असणार, माझी खात्री आहे.