केडीकेए : गाणी गेली, गप्पा उरल्या

प्रश्न : लेकीकडे पिट्सबर्गला गेले होते तेव्हा जावई गाडीत कायम केडीकेए नावाचं रेडिओ स्टेशन लावायचे. सारख्या बातम्या, ट्रॅफिक नि लोकांचे फोन, गाणं म्हणून नाही. वर म्हणे हे जगातलं पहिलं स्टेशन. खरंय का हे? आणि गाणी का नाहीत हो?

उत्तर : ‘पहिलं’ म्हटलं की भांडण आलंच. डेट्रॉइटचं स्टेशन ऑगस्ट १९२० मध्येच चालू झालेलं, आणि कॅलिफोर्नियात सॅन होजेला चार्ल्स हेरॉल्ड तर १९०९ पासून प्रक्षेपण करत होता. त्यामुळे जावईबापूंना अर्धेच मार्क देऊ. पण केडीकेएची गोष्ट भारी आहे हे मात्र खरं.

झालं असं की वेस्टिंगहाऊस कंपनीतला इंजिनियर फ्रँक कॉनरॅड घराच्या गॅरेजमधून हौस म्हणून रेकॉर्डी वाजवायचा, आणि आसपासचे वायरलेसवेडे लोक ते ऐकायचे. मग सप्टेंबर १९२० मध्ये हॉर्न्स नावाच्या तिथल्या मोठ्या दुकानाने पेपरात जाहिरात टाकली, की हे कार्यक्रम ऐकायला तयार सेट मिळतील, १० डॉलरपासून पुढे. ती कॉनरॅडच्या साहेबांनी वाचली नि त्यांची ट्यूब पेटली, की अरे स्टेशन आपण चालवू, सेट आपले खपतील! म्हणजे हा सगळा खटाटोप मुळात रेडिओ संच विकायचा धंदा होता.

२ नोव्हेंबर १९२० च्या रात्री कारखान्याच्या गच्चीवरच्या खोपट्यातून हार्डिंग विरुद्ध कॉक्स या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले, आकडे पेपरच्या ऑफिसातून फोनवर येत होते, इकडे निवेदक माइकवर वाचत होता, आणि मधूनमधून विचारत होता की कोणी ऐकत असाल तर कळवा बुवा! आपलं कुठवर पोचतंय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. म्हणजे बघा, सुरुवातच बातम्यांनी झालेली. पुढच्या ऑगस्टमध्ये तर बेसबॉलच्या मॅचचं थेट वर्णनसुद्धा केलं.

फोनवरच्या गप्पाही तशा जुन्याच. १९५१ पासून एड आणि वेंडी किंग हे नवराबायको रात्री ‘पार्टी लाइन’ कार्यक्रम करायचे, गंमत म्हणजे फोन करणाऱ्याचा आवाज श्रोत्यांना ऐकूच जायचा नाही, हे दोघं ऐकून घेणार आणि पलीकडचा काय म्हणतोय ते आपल्याला सांगणार. तरी तो २० वर्षं चालला! आजच्या आरडाओरड्यापेक्षा मला तर तीच पद्धत बरी वाटते.

आता गाणी. केडीकेए एएमवर, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या मीडियम वेव्हवर आहे, १०२० किलोहर्ट्झ. एएमवर खरखर फार, आवाज दबका. एफएमवर स्टिरिओ आला, तिकडे गाणी झकास ऐकू यायला लागली, मग सत्तरच्या दशकात अमेरिकेतला श्रोता हळूहळू एफएमकडे सरकला तो सरकलाच. एएमवाल्यांनी करायचं काय? बोलणं मात्र खरखरीतही समजतं, आणि रात्री एएमच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, हा फायदा होताच. त्यात १९८७ मध्ये वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू मांडा हा सरकारी नियमही गेला, मग काय, टॉक रेडिओला रान मोकळं. केडीकेएने तग धरला खरा, पण १९९२ मध्ये तिथलीही गाणी बंद झाली. तुम्हाला गाणीच हवी असतील तर जावयांना एफएमचं बटण दाबायला सांगा.