वाचकांचे प्रश्न : निवारा केंद्राच्या दारात जाण्यापूर्वी

भटक्या आणि बेघर जनावरांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांमागे एक समजूत दिसते, ती अशी की निवारा केंद्र म्हणजे जनावराला आयुष्यभर सांभाळणारी जागा. प्रत्यक्षात पुण्यातील बहुतांश केंद्रांचे काम रुग्णालयासारखे चालते. जखमी किंवा आजारी जनावर तेथे येते, बरे होते आणि मग आपल्या मूळ जागी किंवा दत्तक घरी जाते. जागा मर्यादित असल्यामुळे एक जनावर बाहेर पडले की मगच दुसऱ्याला आत घेता येते. पुढील उत्तरे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक कुत्री व्यायली असून पिल्ले साधारण तीन आठवड्यांची आहेत. पावसाळा सुरू होण्यापूर्वी ती एखाद्या निवारा केंद्रात नेऊन सोडावीत असे आम्हां काही रहिवाशांना वाटते. कोठे न्यावीत? (एक वाचक, वारजे)

आपला हेतू चांगला आहे, तरीही निरोगी पिल्ले केंद्रात नेऊ नयेत अशी आमची कळकळीची विनंती आहे. पिल्लांना आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण दिवसेंदिवस कमी होत जाते आणि पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात दिली जाते. केंद्रात मात्र पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे अतिशय संसर्गजन्य विषाणूजन्य आजार झालेले कुत्रे उपचारासाठी दाखल असतात. पार्व्होचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर आणि माणसांच्या चपलांवर महिनोन्‌महिने टिकतो, शिवाय साध्या साबणाने तो मरत नाही. उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झालेले लहान पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावू शकते. आईजवळ पार्किंगच्या कोपऱ्यात जी पिल्ले जगली असती, ती सुरक्षित वाटणाऱ्या जागी नेल्यामुळे गमवावी लागतात, ही या कामातली फार क्लेशदायक गोष्ट आहे.

पिल्ले निदान आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळच राहू द्यावीत. गाड्यांच्या वाटेपासून दूर, जमिनीपासून थोड्या उंचीवर फळकूट ठेवून त्यावर गोणपाट अंथरावे आणि वर ताडपत्री बांधावी, म्हणजे पावसाचे वाहते पाणी आत शिरणार नाही. गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे, अशी सूचना लिफ्टजवळ लावावी. आईला भात आणि उकडलेली अंडी किंवा चिकन असे पोटभर अन्न द्यावे. पिल्लांपुढे गायीच्या किंवा म्हशीच्या दुधाची वाटी ठेवू नये, कारण त्याने त्यांना जुलाब होतात. जंतनाशक औषध आणि पुढे लसीकरण यांसाठी जवळच्या पशुवैद्यकांकडे किंवा औंध येथील जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करावी. पिल्ले खेळू लागली की त्यांची स्पष्ट छायाचित्रे काढून ओळखीत, कार्यालयात आणि सोसायट्यांच्या गटांत घरे शोधण्यास सुरुवात करावी.

आईचे निर्बीजीकरण मात्र विसरू नये. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते, त्यामुळे या वेळी सर्व पिल्लांना घरे मिळाली तरी काही महिन्यांत हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. पिल्ले दूध सोडून खाऊ लागल्यावर महापालिकेकडे किंवा तिच्यासाठी निर्बीजीकरणाचे काम करणाऱ्या संस्थेकडे नोंद करावी. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे शस्त्रक्रिया आणि रेबीजविरोधी लस झाल्यावर कुत्र्याला पकडलेल्या जागीच परत सोडायचे असते, आणि ओळख म्हणून त्याच्या कानाला खाच केलेली असते. 'परत कशाला आणली?' असे सोसायटीतील कोणी विचारल्यास त्यांना हे जरूर सांगावे की आपली जागा राखणारी निर्बीजित कुत्री गेली, तर ती जागा लस न झालेले, नवे कुत्रे घेतात.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि मुलगी आठवीत आहे. कुत्रा विकत न घेता दत्तक घ्यावा असे ठरवले आहे. मुलीला पिल्लूच हवे आहे. केंद्रातील मोठा कुत्रा घरी आणल्यास तो माणसाळतो का? (एक वाचक, कोथरूड)

नक्की माणसाळतो, आणि आपल्या घरची परिस्थिती पाहता आम्ही मोठ्या कुत्र्याचीच शिफारस करू. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते, थोड्या थोड्या वेळाने बाहेर न्यावे लागते, आणि दिवसभर एकटे राहणे त्याला झेपत नाही. केंद्रातील दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण बहुधा झालेले असते. त्याची उंची, वजन आणि मुख्य म्हणजे स्वभाव घडलेला असतो, तेव्हा आपण काय घरी नेत आहोत हे आधीच समजते. एक पाय गमावलेल्या किंवा एका डोळ्याने अधू असलेल्या कुत्र्यांना लोक पाहून पुढे जातात, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते, कारण तीन पायांचा कुत्रा फ्लॅटमध्ये उत्तम राहतो आणि फिरायलाही आनंदाने जातो.

निवड पिंजऱ्यासमोर उभे राहून करू नये. शेजारच्या पिंजऱ्यांतला गोंगाट ऐकून सतत भुंकणारा कुत्रा बाहेर पट्ट्यावर नेताच शांत चालू लागतो, असे अनेकदा दिसते. त्याला रोज खाऊ घालणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोलावे. खाताना कोणी जवळ गेल्यास तो गुरगुरतो का, मुलांची त्याला सवय आहे का, मांजर दिसल्यास काय करतो, एकटा राहिल्यावर दार ओरबाडतो का, हे त्या माणसाला नेमके ठाऊक असते. मुलीला सोबत घेऊन दोन-तीन वेळा भेट द्यावी. केंद्राने घर पाहण्याचा आग्रह धरला किंवा लेखी हमी मागितली, तर तो अविश्वास समजू नये. काही केंद्रे काही आठवड्यांपुरते फॉस्टर म्हणून कुत्रा देतात. मनात शंका असल्यास तो मार्ग चांगला.

घरी आणताना जोडून सुट्टी येईल असे दिवस निवडावेत. मातीवर आणि सिमेंटवर वाढलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत टाइल्सवर घसरतात. तो दारातच अंग चोरून बसतो, पंजे ताणतो, आणि घरच्यांना वाटते की त्याला हे घर आवडले नाही. दारापासून त्याच्या अंथरुणापर्यंत आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत गोणपाट किंवा जुन्या सतरंज्या घालाव्यात. बहुतेक कुत्रे त्या वाटेने चालू लागतात, आणि पुढे हळूहळू त्या काढून घेता येतात. लिफ्टमध्ये ओढून नेऊ नये, सुरुवातीला जिनाच वापरावा. पहिल्या दिवशी तो जेवला नाही, पलंगाखालून बाहेर आला नाही, तरी त्याला उचलून मांडीवर घेऊ नये आणि पाहुण्यांना बोलावू नये. साधारणपणे तीन दिवसांत भीती ओसरू लागते, तीन आठवड्यांत घराची शिस्त कळते आणि तीन महिन्यांत तो पूर्ण रुळतो, असा या क्षेत्रातील अनुभवाचा आडाखा आहे. नवे घर ओळखीचे होण्यापूर्वी कुत्रा हातून सुटला तर तो परत येईलच असे नाही. म्हणून फोन क्रमांक लिहिलेला बिल्ला पहिल्या दिवसापासून गळ्यात असावा आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत त्याला पट्ट्याशिवाय दाराबाहेर नेऊ नये.

महापालिकेचा परवाना काढावा आणि रेबीजची लस दरवर्षी द्यावी. सोसायटीने हरकत घेतल्यास, पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणावे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे कुत्र्यांना फिरवणे मला जमणार नाही. स्वयंसेवक म्हणून माझा काही उपयोग होईल का? (एक वाचक, सहकारनगर)

आपला उपयोग फार मोठा होईल, आणि तो ज्या कामात होईल तिकडे सहसा कोणी वळत नाही. बावधन येथील रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारखी २००७ पासून काम करणारी संस्था असो किंवा उपनगरातील लहानसे केंद्र असो, जनावरांमागे कागद असतातच. देणग्यांच्या पावत्या, औषधांचा साठा, कोणत्या कुपीची मुदत कधी संपते याची नोंदवही, दत्तक गेलेल्या कुत्र्यांच्या घरी फोन करून पुढच्या लसीची आठवण देणे, ही कामे मागे पडली की त्याचा फटका शेवटी उपचारांनाच बसतो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने आठवड्यातील एक ठरलेली सकाळ दिली, तर केंद्राच्या डॉक्टरांचा तेवढा वेळ शस्त्रक्रियेसाठी मोकळा होतो.

जनावरांच्या सहवासात राहावेसे वाटत असल्यास मांजरांच्या विभागात काम मागावे. घाबरलेले मांजर माणसाच्या आवाजाला सरावावे म्हणून कोणीतरी खुर्ची टाकून नुसते जवळ बसावे लागते, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले तरी चालते. अशी मांजरे लवकर दत्तक जातात. साफसफाईत हातभार लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे घरोघरी वापरले जाणारे फिनेल मांजरांना विषारी ठरते, कारण ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटतात. पार्व्होचा विषाणूही त्याने खात्रीने मरत नाही. यासाठी आधी विष्ठा आणि घाण पूर्ण धुऊन काढून, मग पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेले ब्लीच फरशीवर सुमारे दहा मिनिटे राहू दिले जाते आणि जनावर आत सोडण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुतले जाते.

काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. ती सामान्यतः पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. ही लस घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे. घरी लस न झालेले पिल्लू असल्यास केंद्रातील चपला आणि कपडे घरात आणू नयेत. आणखी एक सांगावेसे वाटते: तेथे सर्वच जनावरे वाचत नाहीत. पहिल्या मृत्यूनंतर अनेक स्वयंसेवक येईनासे होतात. त्यांचे दुःख आम्ही समजू शकतो, तरी अशा दिवसानंतरही आपली ठरलेली सकाळ चुकवू नये, कारण उरलेल्यांना त्या दिवशीही कोणीतरी हवे असते.

प्रश्न : मी अनेक वर्षे इमारतीजवळच्या कुत्र्यांना खाऊ घालते. आता सेक्रेटरींनी मनाई केली आहे. कायदा काय सांगतो? (एक वाचिका, हडपसर)

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतील विसाव्या नियमानुसार परिसरातील जनावरांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवर असते, आणि ही जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर असावी लागते. वाद मिटला नाही तर त्यासाठी पशुकल्याण समितीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्रभागवार जागा निश्चित करण्यास सांगून रस्त्यावर इतरत्र खाऊ घालण्यास मनाई केली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतील कुत्रे हलवून तेथे परत सोडायचे नाहीत. त्यामुळे 'मला हक्क आहे' असे म्हणून कोठेही अन्न ठेवणे आता योग्य होणार नाही, आणि सेक्रेटरींनाही सरसकट मनाई करता येणार नाही.

सेक्रेटरींकडे जाताना हातात एक वही न्यावी. त्यात प्रत्येक कुत्र्याचे छायाचित्र, कानाला खाच आहे की नाही, आणि रेबीजची लस कधी झाली हे लिहिलेले असावे. कुत्र्यांना घाबरणाऱ्या मुलांच्या पालकांची काळजी खरी आहे आणि तिला या नोंदींनी उत्तर मिळते. अन्न भांड्यात द्यावे आणि जेवण झाल्यावर भांडी उचलून जागा झाडून घ्यावी.

प्रश्न : माझी बदली दिल्लीला झाली आहे. नऊ वर्षांच्या लॅब्रेडॉरला पुण्यातील एखाद्या केंद्रात ठेवता येईल का? (एक वाचक, विमाननगर)

कृपया तसे करू नये. नऊ वर्षे घरात झोपलेला कुत्रा पिंजऱ्यात बहुधा खाणे सोडतो, आणि या वयाच्या कुत्र्याला नवे घर मिळणे फार कठीण असते. त्याला कोठेतरी सोडून देणे हा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा ठरू शकतो. रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात संपूर्ण कूपे, म्हणजे दोन प्रवाशांचा स्वतंत्र कक्ष, आरक्षित केल्यास कुत्र्याला सोबत नेता येते. त्यासाठी पशुवैद्यकांचे आरोग्य प्रमाणपत्र आणि लसीकरणाची नोंद लागते. दिल्लीतील घर ठरवतानाच कुत्रा सोबत असल्याचे घरमालकांना सांगावे. अगदीच अशक्य असेल तर त्याला ओळखणाऱ्या नातेवाइकांकडे किंवा मित्रांकडे आधी काही दिवस राहून पाहू द्यावे, आणि त्याचे अंथरूण, भांडी व औषधांची फाइल त्याच्याबरोबरच द्यावी.

प्रश्न : केंद्राला पैसे द्यावेत की वस्तू? (एक वाचक, औंध)

वस्तू नेण्यापूर्वी फोन करून विचारावे. जुन्या सुती चादरी, टॉवेल आणि वर्तमानपत्रे सहसा लागतात. उशा आणि गाद्या नेऊ नयेत, कारण कुत्रे त्या फाडून आतला कापूस गिळतात. गोड बिस्किटांचे पुडेही नकोत. देणगीवर आयकरात सवलत हवी असल्यास संस्थेची त्यासाठी नोंदणी असल्याची खात्री करावी. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही आणि ती जुन्या करप्रणालीतच लागू होते. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी रक्कम देणे केंद्राला अधिक सोयीचे पडते, कारण कर्मचाऱ्यांचे पगार, खाद्य आणि लशी यांचा खर्च दर महिन्याला येतोच.