वाचक विचारतात : बसऱ्याला गेलेले पणजोबा

प्रश्न : आमचे पणजोबा मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’, एवढंच घरात सांगतात. देव्हाऱ्याजवळ एक जाड गोल तबकडी आणि चांदीचं एक पदक आहे. शोध कुठून सुरू करावा?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पदकाच्या कडेपासून सुरू करा. तबकडी सुमारे १२ सेंटीमीटरची, सिंह आणि उभी स्त्री असलेली असेल, तर ती युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी सरकारने पाठवलेली ब्राँझची स्मृती-तबकडी आहे. तिच्यावर फक्त नाव असतं. हुद्दा, पलटण काहीच नसतं, त्यामुळे तिच्यावरून पुढे जाता येत नाही. पदकाच्या कडेवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशी सगळी ओळ बारीक अक्षरांत कोरलेली असते. पदक चिंच किंवा राखेने घासू नका. आधीच झिजलेली अक्षरं कायमची जातात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरा, पदक हळूहळू फिरवत कडेचे चार-पाच फोटो काढा आणि मोठे करून वाचा. हेच पदक चांदीऐवजी ब्राँझचं निघालं, तर पणजोबा बहुधा मजूर किंवा सेवक तुकडीत होते. मग पलटणीच्या यादीत त्यांना शोधण्यात वेळ घालवू नका.

नंबर आणि पलटण हाती आली की अर्धं काम झालं. नुसतं ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ म्हणून भागत नाही, कारण तेव्हा मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये त्या एका रेजिमेंटखाली आल्या आणि त्यांचे आकडे बदलले. १०३ ची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. घरातल्या आठवणीत नवा आकडा असतो आणि १९१६ च्या नोंदीत जुना, म्हणून माणूस ‘सापडत नाही’.

आता महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. शोध मोफत आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू तिथे धरलेले आहेत. आडनाव टाकून सुरुवात केलीत तर फसाल. जाधवांचं जादव किंवा जाधो, शिंद्यांचं सिंदे असं काहीही लिहिलेलं असतं आणि कधी आडनावच नसतं. नावाची चौकट रिकामी ठेवा आणि पलटणीचा आकडा द्या. ‘मराठा’ शब्द तेव्हाच्या इंग्रजी स्पेलिंगने, म्हणजे एच आणि दोन टी घालून लिहा. मग ‘अतिरिक्त माहिती’च्या चौकटीत गाव किंवा तालुका टाका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो, पण जिल्हा जुना. रायगड तिथे कुलाबा आहे आणि सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत वेगळा जिल्हा नव्हता.

मृत्यूची तारीख नीट पाहा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी इराकमधल्या कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. यांपैकी एखाद्या पलटणीतल्या शिपायाचा मृत्यू त्यानंतरचा असेल, तर कैदेची शक्यता धरूनच पुढचा शोध घ्या. रेड क्रॉसच्या जिनिव्हातल्या १९१४-१८ च्या कैद्यांच्या नोंदी ऑनलाइन आहेत, त्याही चाळाव्यात.

एक गोष्ट मन दुखवणारी आहे, ती आधीच सांगतो. बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलेली नाहीत. पलटणीखाली नुसता मृतांचा आकडा आहे. नावं नोंदवहीत आहेत. भिंतीच्या फोटोत पणजोबा दिसले नाहीत म्हणून ते यादीत नाहीत, असं समजू नका.

प्रश्न : एकाच नावाचे तीन शिपाई सापडले. आमचा कोणता?
– एक वाचक, कराड

उत्तर : हे ठरतं तहसील कचेरीत. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात मृत्यू शोधू नका. तिथे गावात झालेले मृत्यू लिहिलेले असतात, परदेशातले क्वचितच. जमीन त्यांच्या नावावर असेल तर फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ काढा. ‘अमुक मयत, वारस बायको अमुक, मुलगा अज्ञान (म्हणजे अल्पवयीन)’ अशी ओळ मिळाली की वडिलांचं नाव, गाव आणि वारस एकदम हाती येतात. ही नोंद मृत्यूनंतर दोन-चार वर्षांनीही झालेली असू शकते. म्हणून फक्त मृत्यूचं वर्ष न पाहता १९२५ पर्यंतची पानं उलटा. जुने फेरफार काही जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर मिळतात. मजकूर मोडीत असेल तर जाणकाराकडूनच वाचून घ्या. मोडीतलं एक नाव चुकीचं लागलं की वंशावळ भलत्याच घरात जाते. तुमच्याकडे वंशावळी सांगणारे हेळवी येत असतील तर त्यांच्या वहीतली पिढ्यांची ओळही ताडून पाहा. वडिलांचं नाव आणि गाव दोन्ही जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नका.

प्रश्न : आजोबा १९४४ मध्ये इटलीत मरण पावले. बेळगावला पत्र लिहावं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावलाच आहे. अर्जात आर्मी नंबर, पूर्ण नाव, गाव आणि तुमचं नातं सिद्ध करणारे कागद हवेत. नंबर नसेल तर जुन्या पेन्शनच्या कागदांवर पाहा किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. दहन झालेल्यांची कबर नसते, त्यामुळे कमिशनच्या यादीत कबरीचा क्रमांक शोधत बसू नका. कॅसिनो स्मारक आणि सांग्रो नदीकाठचं दहन स्मारक, या दोन्हींच्या नोंदी पाहा. ३१ डिसेंबर १९४७ नंतरचा मृत्यू तिथे मिळणार नाही. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाची यादी.