कॉलेज बास्केटबॉल संघातला पहिल्या वर्षाचा गार्ड पुढे किती मोठा होईल आणि त्याची खरी जागा कोणती, हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नातला मुलगा अठरा वर्षांचा, सहा फूट चार इंच, अमेरिकेतल्या कॉलेज संघात पहिलंच वर्ष. सरासरी आठ गुण. संघात दोन सीनियर गार्ड असल्यामुळे चेंडू त्याच्या हाती कमीच येतो. आठ गुणांवर कुणी एनबीएला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगला, जातं का, आणि याला पॉइंट गार्ड (चेंडू वर आणून खेळ चालवणारा) म्हणायचं की शूटिंग गार्ड (मुख्यतः शॉट मारणारा), असं तुम्ही विचारलंय.

जातं. मी स्वतः पाहिलंय, आणि तेही ६.८ गुणांवर.

२०१८ मध्ये मी एमएस करायला आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीला, म्हणजे एम्स नावाच्या छोट्या गावात गेलो. नागपूरला कॉलेजच्या संघातून खेळलो होतो, त्यामुळे थंडीच्या दिवसांत हिल्टन कोलिझियममध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये, वरच्या रांगेत जाऊन बसणं हा नेमच झाला. त्या हंगामात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचा टायरीस हॅलिबर्टन पहिल्या वर्षाला होता. सहा फूट पाच इंच उंच, अंगाने अगदी काटकुळा. गुण करायचं काम मारियल शेयॉककडे, त्याची सरासरी जवळपास १९. चेंडू वर आणायचं काम बहुतेक वेळा निक वायलर-बॅबकडे. हॅलिबर्टन कोपऱ्यात उभा. सामन्यात ३३ मिनिटं खेळायचा आणि ६.८ गुण करायचा.

माझ्या शेजारी बसणारे बहुतेक जण त्याच्याकडे बघतही नसत. मी बघायला लागलो ते त्याच्या मानेमुळे. चेंडू त्याच्याकडे निघाला की हातात यायच्या आधीच तो मान वळवून पलीकडचा कोपरा बघून घ्यायचा. चेंडू हाताला लागला की अर्ध्या सेकंदात पुढे गेलेला. ड्रिबल नाही, दिखावा नाही. ज्याला पास मिळायचा त्याला शॉट घेण्यासाठी हात हलवावे लागायचे नाहीत, चेंडू बरोबर छातीसमोर आलेला असायचा. त्या डिसेंबरमध्ये सदर्न युनिव्हर्सिटीविरुद्ध त्याने एका सामन्यात १७ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) दिले. आयोवा स्टेटचा तो विक्रम झाला. पहिल्या वर्षाच्या मुलाने केलेला.

हंगामाअखेर त्याचे आकडे होते सामन्यामागे ३.६ असिस्ट आणि ०.८ टर्नओव्हर, म्हणजे चेंडू घालवणं. ३३ मिनिटं मैदानावर राहून सामन्यात सरासरी एकदाही चेंडू न घालवणारा अठरा वर्षांचा गार्ड मी त्याआधी पाहिला नव्हता. तुमच्या मुलाचे आठ गुण बाजूला ठेवा आणि आधी हे दोन आकडे बघा. गुण किती होणार हे बरंचसं प्रशिक्षक ठरवतो, कारण शॉट कुणी घ्यायचे हे तोच ठरवतो. निर्णय किती लवकर आणि किती बरोबर घेतला, हे मात्र मुलाचं स्वतःचं असतं, आणि कोपऱ्यात उभं केलं तरी ते दिसतं.

उलटं उदाहरणही सांगतो, कारण जास्त फसगत तिथेच होते. मार्केल फुल्ट्झने २०१६-१७ मध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीकडून २३.२ गुण आणि ५.९ असिस्ट अशी सरासरी काढली, थ्री (रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) ४१ टक्के. संघाने ९ सामने जिंकले आणि २२ हरले. पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, तो पहिल्या क्रमांकाला गेला. पण त्याच हंगामात त्याचे फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) ६५ टक्क्यांच्या आसपास होते. एनबीएत त्याचा शॉट पार विस्कटला. पुढे खांद्याजवळ नस दाबली जाण्याचा आजार निघाला, तेव्हा सगळा दोष त्याच्या हाताला देणं अन्यायाचं होईल. तरीही मी तेव्हापासून थ्रीच्या टक्केवारीआधी फ्री थ्रोची बघतो. एका हंगामात थ्री शंभर-सव्वाशेच होतात, त्यात नशीब चालून जातं. फ्री थ्रोला कुणी अंगावर येत नाही, तिथे फक्त हात दिसतो.

आणि फ्री थ्रो किती टाकले तेही बघा. हॅलिबर्टनला पहिल्या वर्षी अख्ख्या हंगामात ते फारच थोडे मिळाले, म्हणजे जिथे फाउल होतात त्या बास्केटपाशी तो घुसतच नव्हता. हा त्याच्यातला खरा दोष होता. अंगात ताकद नव्हती, आणि शॉटची ढबही वेगळी, छातीपासून पुढे ढकलल्यासारखी. मोकळा असताना ठीक, पण ड्रिबल करत करत शॉट काढायचा म्हटलं की अडचण. ‘हा एनबीएत स्वतःचा शॉट निर्माण करू शकणार नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. दिसत होतं तेच ते सांगत होते.

दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. सीनियर गेले, चेंडू त्याच्या हाती आला. आणि २०१९-२० पासून कॉलेजमधली थ्रीची रेषा २० फूट ९ इंचांवरून २२ फूट पावणेदोन इंचांवर सरकली. त्याची टक्केवारी ४३ वरून ४२ झाली, एवढाच फरक. गुण १५.२, असिस्ट ६.५. संघ मात्र हरत होता, आणि फेब्रुवारीत मनगट मोडून त्याचा हंगाम २२ सामन्यांवरच संपला. २०२० च्या ड्राफ्टमध्ये तो बाराव्या क्रमांकाला गेला.

आता जागेचं. इथे मला जरा पोटतिडकीने लिहायचंय. नागपूरला मला पहिल्याच दिवशी पॉइंट गार्ड केलं, कारण संघात मी सगळ्यात बुटका. कुणी माझा खेळ बघितला नाही. चार वर्षं मी चेंडू वर आणत राहिलो, आणि स्क्रीनच्या (समोरच्याची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या) मागून मोकळं होऊन शॉट घेणं, जे मला खरंच जमायचं, ते फक्त सरावात केलं. उंचीवरून जागा ठरवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि अमेरिकेतही ती काही कमी नाही.

माझ्या मते दोनच गोष्टींवरून जागा ठरते. चेंडू नसताना मुलगा काय करतो, आणि समोरच्या संघातल्या कुणाला तो अडवू शकतो. एनबीएतला नावाजलेला शूटर स्टीफन करी डेव्हिडसन कॉलेजला पहिली दोन वर्षं मुख्यतः चेंडूशिवाय खेळला, कारण पॉइंट गार्ड जेसन रिचर्ड्स होता, जो २००७-०८ मध्ये असिस्टमध्ये देशात पहिला होता. रिचर्ड्स गेल्यावर तिसऱ्या वर्षी करीने चेंडू हातात घेतला आणि २८.६ गुणांसह देशात अव्वल आला. त्या पहिल्या दोन वर्षांत स्क्रीनभोवती पळायची जी सवय लागली, ती त्याने एनबीएतही सोडली नाही. म्हणून ‘चेंडू हातात नाही, वर्ष वाया चाललंय’ असं तुम्ही म्हणू नका. हॅलिबर्टनचंही तसंच झालं. एनबीएत सॅक्रमेंटो संघात डि’ॲरन फॉक्स या गार्डच्या जोडीला खेळला, इंडियाना संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये घेऊन त्याला सगळा खेळ सोपवला, आणि २०२३-२४ मध्ये तो १०.९ असिस्टसह लीगमध्ये पहिला आला. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात त्याने ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड केले आणि टर्नओव्हर शून्य. मी पुण्यात सकाळी साडेपाचला उठून तो सामना बघत होतो, आणि डोळ्यासमोर हिल्टनमधली ती वळलेली मान होती.

तुमच्या मुलाचे तीन सामने बघा, त्यातला एक तरी मोठ्या फरकाने हरलेला असू दे. त्यातल्या एका सामन्यात चेंडूकडे अजिबात न बघता फक्त त्याच्यावर नजर ठेवा, टीव्हीवर तो चौकटीबाहेर जाईल तरी जमेल तेवढं. चेंडू दुसरीकडे असताना तो कंबरेवर हात ठेवून उभा असेल, तर आठाचे अठरा गुण झाले तरी मी त्याच्याकडून फार अपेक्षा धरणार नाही. तो सतत दोन पावलं सरकून पासची वाट मोकळी करत असेल, तर यंदा त्याला दुसरा गार्ड म्हणूनच खेळू द्यावं आणि सीनियर गेले की चेंडू द्यावा. डिफेन्समध्ये तो समोरच्या छोट्या, चपळ गार्डमागे टिकतो की प्रशिक्षक त्याला मुद्दाम सगळ्यात दुबळ्या खेळाडूवर लपवतो, तेही टिपून ठेवा. सहा फूट चार इंचांवर एनबीएत मोठ्या विंगला (बाजूने खेळणाऱ्या उंच खेळाडूला) अडवणं कठीण, त्यामुळे गार्डला अडवता आलं नाही तर जागा उरते ती बेंचवरून येऊन शॉट मारणाऱ्याची. तीही वाईट नाही, त्यावर दहा-दहा वर्षं खेळलेले लोक आहेत.

त्याचे असिस्ट, टर्नओव्हर आणि फ्री थ्रो (टक्केवारी आणि किती टाकले ते, दोन्ही) तुम्ही लिहिलेले नाहीत. तेवढे पाठवलेत तर त्याच्याबद्दल नेमकं सांगता येईल.