'अंगठा उठवला' की 'निशाणी केली'?

सांगलीच्या एका लेखिका शेक्सपिअरच्या धाकट्या मुलीवर, जुडिथवर, कादंबरी लिहीत आहेत. 1611 साली जुडिथ एका घराच्या विक्रीखतावर साक्षीदार होती आणि नावाच्या जागी तिने नुसती खूण केली होती. त्या प्रसंगात ताईंनी 'जुडिथने अंगठा उठवला' असं लिहिलंय. चालेल का, असं त्या विचारतात.

माझ्या मते नाही चालणार. दस्तावर अंगठा ही आपल्याकडे इंग्रजी अमदानीतली गोष्ट. बंगालमध्ये हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने करारावर हाताचा ठसा घेतला तो 1858 साली. त्याआधीच्या आपल्या कागदांत शब्द येतो 'निशाणी'. पाटील नांगर काढायचा, म्हणून 'निशाणी नांगर'. शेजारी त्याचं नाव लिहायचा कुलकर्णी. साताऱ्यात दस्त लिहिण्यात माझी उमर गेली, पण 'निशाणी नांगर' दिसलं की अजूनही मी थांबतो. ज्याला अक्षर येत नाही त्याचीही स्वतःची खूण असते आणि ती तो स्वतः काढतो. अंगठ्याला शाई फासून हात दुसराच कुणी धरतो. जुडिथच्या हातात लेखणी होती, तिने वळणदार रेघ ओढली. तेव्हा 'निशाणी केली' हेच बरोबर.

आणखी एक, न विचारलेलं. त्याच पानावर तिला 'निरक्षर' म्हटलंय, तो शब्द काढावा. त्या काळी इंग्लंडात वाचन आधी शिकवत आणि लेखन नंतर, वेगळं. पुष्कळ मुलींचं शिक्षण वाचनापाशीच थांबे. आपण 'लिहितावाचता' एका दमात म्हणतो, म्हणून हा फरक निसटतो. माझी आजी चातुर्मासात रोज 'हरिविजय' वाचायची, ओवी न ओवी, आणि जमिनीच्या खरेदीखतावर मात्र तिचा अंगठा आहे. तिला निरक्षर कसं म्हणू? जुडिथला वाचता येत नव्हतं, असं त्या खुणेवरून ठरत नाही. 'तिला लिहिता येत नव्हतं' एवढंच म्हणावं.

थोरली सुझॅना आपलं नाव लिहीत असे. तिच्यासाठी 'सही केली' लिहा. म्हणजे एकाच घरातल्या दोघी बहिणी, एकीची सही आणि दुसरीची निशाणी, हे वाचणाऱ्याला आपोआप दिसेल.