वसुलीची वही

वही मुलानं दाखवली नाही. बापानं ती शर्टाच्या आतून काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. शंभर पानी, शाळेची. आत पेननं आखलेले चार रकाने : तारीख, आजचे तास, एकूण तास, आणि चौथ्याच्या डोक्यावर नुसतं 'तासाला'. पहिल्या ओळीत ४ तास, ७४९ रुपये ७५ पैसे. शेवटच्या ओळीत एकूण ६१ तास, ४९ रुपये १६ पैसे. पानाच्या माथ्यावर लाल शाईनं गोल केलेलं : १०० तास = ३० रु.

"म्याडम, मले वाटलं उधारीची वही हाये," बाप म्हणाला. "कोनाचं देनं करून ठेवलं काय म्हणून पायलं. हे तं भलतंच निंगालं."

हिंगणघाटकडचं गाव. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, एसटीनं जाणं-येणं. नाव-गाव सांगत नाही आणि ओळख पटेल असं थोडंफार बदललंही आहे. डिसेंबरात आले होते, भर वेचणीत, त्यामुळे बापाचा एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे. तक्रार त्यांनी एका दमात सांगितली. पोट्ट्यानं तीन हजाराचा गेम घेतला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कम्प्युटरपुढं बसते, सकाळी वावरात येत नाही, अन् बोललं की म्हणते 'पैसे वसूल करून रायलो'.

"काय वसूल करून रायला ते इचारा त्याले. आन् व्यसन असन तं औषध द्या."

हा प्रश्न अलीकडे समुपदेशनात माझ्याकडे बराच येतो. गेमवर घातलेला पैसा वाया गेला की सार्थकी लागला, हे कसं ठरवायचं? आईबाप विचारतात आणि पोरंही विचारतात, फक्त वेगवेगळ्या खोलीत. मी आधी एकच पाहते : पैसा कसा गेला? पैसे लावून ऑनलाइन खेळायचे रमी वगैरे प्रकार ही वेगळी जात, आणि त्यांवर २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली. दुसरी जात फुकटात उतरणाऱ्या गेमची, ज्यात खेळातल्या पात्रांचे कपडे, बंदुका, रंगीत कातडी (म्हणजे 'स्किन', नुसतं दिसणं बदलणारी) यांच्यासाठी शंभर-दोनशे करत पैसा झिरपत राहतो आणि महिन्याचा हिशेब कोणालाच लागत नाही. तिसरी जात एकदाच किंमत मोजून विकत घेण्याच्या गेमची. या मुलाचा गेम तिसऱ्या जातीतला. २,९९९ रुपये, पावतीसकट. बापाच्या मनातली निम्मी भीती एवढ्यावरच उतरली, कारण गावात रमीत बैलजोडी घालवलेल्याची गोष्ट त्यांनी ऐकली होती.

व्यसनाचंही सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेम खेळण्याचा विकार आहे. पण तो तासांवर ठरत नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असणं, असं पाहिलं जातं. इथं तर महिनाही पुरा झाला नव्हता. शिवाय व्यसनी माणूस तासांची नोंद ठेवत नाही, तो तास लपवतो. हा त्यांना दोन दशांश स्थळांपर्यंत भागत होता.

बापाला मी खाली चहाला पाठवलं.

"मजा येते का?" मी विचारलं.

तो टेबलाच्या कडेकडे पाहत राहिला. "पयले येत होती. वीस-पंचवीस तास लय मस्त होते."

"आणि आता?"

"आता तेच ते हाये. नकाशावर ठिपके हायेत, तिथं जा, पेटी उघडा, परत या. पन एकोनचाळीस तास बाकी हायेत न म्याडम."

बाकी आहेत! जणू कर्जाचे हप्ते. झोपमोड करून जो मुलगा रात्री बसत होता, तो खेळत नव्हताच, फेड करत होता.

आपण सगळेच हे करतो. नागपूरला एकदा तिकीट महाग होतं म्हणून एक रटाळ नाटक मी मध्यंतरानंतरही बसून पाहिलं आहे, डोकं दुखत असताना. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली नेमकं नाटकाच्या तिकिटांवरच हे दाखवलं. नाट्यगृहाच्या खिडकीवर हंगामभराचं तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किंमत लावली, काहींना मध्येच सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त वेळा येऊन बसले. गेलेला पैसा माणसाला ओढून नेतो. नाटक आवडलं की नाही, हा प्रश्न मागंच राहतो.

बरं, 'तासाला किती' हे माप त्यानं कुठून आणलं? मित्रांकडून, व्हिडिओंतून. जगभरचे खेळणारे ते वापरतात. टॉकीजचं तिकीट दीडशे, सिनेमा अडीच तासांचा, म्हणजे तासाला ६० रुपये. गेम त्याच्या खाली पडला की वसूल. मी या मापाला हसत नाही. खिशात मोजके पैसे असणाऱ्या पोरानं काही तरी हिशेब लावून बघावा, हे बरंच आहे. किती तासांचा गेम आहे ते आधी पाहायला साइट आहेत, तिथं नुसती मुख्य गोष्ट किती तासांची आणि कोपरान् कोपरा पालथा घातला तर किती, असे वेगवेगळे आकडे मिळतात. त्यानं ते पाहिलेही होते. फक्त मोठा आकडा धरला होता.

मग त्यानंच मला एक किस्सा सांगितला. २०२२च्या जानेवारीत 'डाइंग लाइट २'च्या कंपनीनं जाहीर केलं की आमचा गेम पूर्ण करायला किमान ५०० तास लागतील. त्यांना वाटलं लोक टाळ्या वाजवतील. लोक उलट भडकले, एवढा वेळ कोणाकडे आहे म्हणून. शेवटी कंपनीला खुलासा करावा लागला की मुख्य गोष्ट २० तासांचीच आहे. सांगताना तो हसला. मग हसता हसता वहीकडे पाहिलं आणि गप्प झाला.

"तुला आजवर सगळ्यात आवडलेला गेम कोणता?" मी विचारलं.

"पोर्टल," तो लगेच म्हणाला. २००७चा गेम, तीन-चार तासांत संपतो. सवलतीत घेतला होता, चहा-समोशाच्या किमतीत. त्याची कोडी तो अजून मित्रांना सांगतो म्हणे.

"त्याचा तासाचा भाव काढलास?"

"नाई. त्याचा कायले काढू?"

एवढ्यात बाप वर आला. मी मुलाला विचारून, आमचं काय बोलणं झालं ते थोडक्यात त्यांना सांगितलं. ही गेमवाली मंडळी तास वाढवून दाखवतात आणि हा त्या तासांवर किंमत ठरवतो, असं. ते दारातच उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, यांना यातलं काय कळणार. चूक माझी होती.

"म्हणजे वल्ला कापूस," ते म्हणाले.

"कसा काय?"

"गाडी भरतानी काही लोक पानी मारतेत न म्याडम कापसावर. वजन वाढते. काट्यावर क्विंटल दिसते, पन घरी जाऊन वायला की निंगते किती? म्हणून तं सीसीआयवाला हात घालून ओल मोजते." आणि मग मुलाकडे वळून, "तू तासाचं वजन करून रायला बे. ओल कोन मोजन?"

सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, ८च्या वर भावात कपात, १२च्या वर गेला की माल परत, हे त्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी पुढं अर्धा तास जे समजावणार होते ते या माणसानं एका वाक्यात संपवलं, आणि मी फी मात्र पूर्ण घेतली.

तरी गोष्ट इथं संपली नव्हती. २,९९९मधले अर्धे पैसे मुलानं उन्हाळ्यात सेवा केंद्रावर लोकांचे अर्ज भरून कमावले होते. उरलेले दीड हजार आईनं दिले होते, 'पुस्तकासाठी' म्हणून, आणि बापाला न सांगता. हे त्यानं मला एकट्यात सांगितलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी आईला आण.

आई आली ती रविवारी. बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी चिरलेली. स्वतःचं वावर वेचून झालं की ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं वेचायला जाते, किलोला १० रुपये. दिवसाचा ४० किलो कापूस होतो, सकाळी ९ ते संध्याकाळी ५. तिनं हे सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. पण मुलाची सवय त्याला सोडेना. मी पाहिलं, त्याचा अंगठा मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर फिरत होता. ४०० भागिले ८.

५०.

त्यानं वही उघडली नाही. उघडायची गरजही नव्हती, ४९ रुपये १६ पैसे त्याला पाठ होते.

या जागी मी काही बोलले नाही. भागाकार करताना आपण नेहमी खेळणाऱ्याचे तास खाली मांडतो. कमावणाऱ्याचे तास मांडायला जागाच नसते. माझ्या मते किमतीचा खरा सवाल तिथं आहे, कारण श्रीमंत घरच्या पोराला आणि या पोराला गेम त्याच भावात मिळतो, पण एकाच्या घरातून त्यात कोणाचेच चार दिवस जात नाहीत. मात्र हे आईसमोर बोलून दाखवलं असतं तर ते पोराच्या पाठीवर ओझं झालं असतं, आणि ओझ्यानं तर तो आधीच वाकला होता.

आईनंच विचारलं, "मंग आवडला काय रे तुले तो?"

"पयले आवडला. आता नाई."

तिचा चेहरा पडला. लपवून घेतलं म्हणून ती रागावेल, असं मला आणि त्यालाही वाटत होतं. ती म्हणाली, "आवडला असता तं मले काई वाटलं नसतं. मी काई मोजून नोयते देल्ले." आणि पदर तोंडाला लावला. पोरगा रडला. मी पाणी आणायला उठले, कारण तेवढंच करण्यासारखं होतं.

पुढचं काम साधं होतं. वही पंधरा दिवस माझ्या कपाटात. खेळायचं तर खेळ, पण खेळावंसं वाटलं तरच, आणि कंटाळा आला की त्याच क्षणी बंद. तो आकडा लिहायला जागा नसेल, एवढंच बंधन. पैसे परत मिळण्याची वेळ टळलेली होती. स्टीमवर, म्हणजे कम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो, हे त्याला माहीत होतं, पण सुरुवातीचे दोन तास तर नुसती गोष्टच चालली होती म्हणे. आता पुढच्या वेळी त्या दोन तासांत तो काय करणार, हे आम्ही ठरवलं : ते दोन तास म्हणजे खळ्यावर मूठभर दाणा घेऊन चावून बघणं. आणि नवा गेम निघाल्या निघाल्या घ्यायचा नाही. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मोठी सवलत लागतेच, तोवर ज्यांना तो बोअर झाला ते बोलायलाही लागतात. डिजिटल गेम वापरून झाल्यावर विकता येत नाही, हे मी मुद्दाम बापासमोर सांगितलं. जुना ट्रॅक्टर विकायची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट पटायला जड गेली.

घरात लपवालपवी नको, हे मात्र मी जरा कडक आवाजात बोलले. मुलाला नाही, आईला. ती मान हलवून 'हाव' म्हणाली, पण तिच्या त्या 'हाव'वर माझा अजूनही पुरता विश्वास नाही.

पंधरा दिवसांनी तो एकटाच आला. मोठा गेम दुसऱ्याच दिवशी काढून टाकला होता, नव्वद जीबी मोकळी झाली. रात्री झोप लागते. वही परत हवी का विचारलं तर म्हणाला, ठेवा तुमच्याजवळच. सध्या एक जुनाच गेम पुन्हा काढला होता, 'स्टार्ड्यू व्हॅली'. २०१६ साली एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं केलेला, आपल्याकडे पाचशेच्या आत मिळतो. त्यात तुम्हाला आजोबांचं पडीक वावर मिळतं, ५०० नाणी आणि १५ दाणे बी. नांगरा, पेरा, पाणी घाला, विका.

"वावरात जात नाही म्हणून बाबा ओरडतात, आणि तू घरी बसून शेती करतोस?"

तो हसला. म्हणाला, परवा रात्री बाबा मागं येऊन उभे राहिले. पहिलं पीक गाजरासारखं एक कंद असतं, वीसचं बी, चार दिवसांत तयार, पस्तीसला विक्री. बाबांनी दोनदा खात्री करून घेतली. पंधरापेक्षा जास्त रोपं झाली की कावळे उतरतात, हे याला आठवत नव्हतं, पण उघडं वावर पाहून बाबाच म्हणाले, बुजगावणं लाव. यानं नाही लावलं. गेममधल्या दुसऱ्या दिवशी दोन रोपं गेली. मग बाबा स्टूल ओढून बसलेच.

"आन् मंग इचारते, उद्या भाव काय राहीन? मी म्हटलं बाबा, तोच. पस्तीस. आन् सगळ्यायनं तेच लावलं तं? तरी पस्तीस. आन् पुढच्या वर्षी? पस्तीसच."

"मग?"

"लय वेळ पायत रायले. मंग उठले आन् म्हणे, भाव पडतच नाई? मंग हा खराच गेम हाये बावा."