ठाण्यात राहतो. इलेक्ट्रिक कार आत्ता घ्यावी, की परदेशी गाड्या स्वस्त होईपर्यंत थांबावं?

त्या आशेवर थांबू नका. पूर्ण तयार आयात गाडीवर आपल्याकडे 70 ते 110 टक्के शुल्क लागतं. म्हणूनच जुलै 2025 मध्ये टेस्लाने मुंबईत बीकेसीत शोरूम उघडलं, तेव्हा मॉडेल वायची किंमत 60 लाखांच्या घरात होती. मार्च 2024 च्या केंद्राच्या योजनेत शुल्क 15 टक्क्यांवर येतं खरं, पण त्यासाठी कंपनीने इथे किमान 4,150 कोटी गुंतवायला हवेत, आणि गाडीही 35,000 डॉलरच्या पुढचीच हवी. म्हणजे 15-20 लाखांत बघणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

देशी की विदेशी हा वादही मला वरवरचा वाटतो. महिंद्राच्या बीई 6 या इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचे सेल बीवायडी या चिनी कंपनीचे आहेत. एप्रिल 2025 मध्ये चीनने मोटरमध्ये लागणाऱ्या चुंबकांची निर्यात आवळली आणि आपले कारखाने लगेच चिंतेत पडले. आपल्या कंपन्यांना आयात शुल्काचं संरक्षण मिळावं असं मला मनापासून वाटतं, पण त्या काळात सेल इथे बनायला हवेत. नाहीतर ग्राहकाने जास्त पैसे का मोजायचे?

राहिलं ठाणं. इथे खरी अडचण पार्किंगची. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत चार्जर बसवायची परवानगी मिळायला आठ महिने गेले. तोवर मी रोज रात्री मॉलच्या चार्जरपाशी ताटकळत बसायचो. आधी कमिटीचं लेखी ना-हरकत पत्र घ्या, वायरमनकडून मीटरपासून जागेपर्यंतचं अंतर मोजून घ्या, मगच बुकिंगचे पैसे भरा. रोज अटल सेतूवरून जात असाल तर ऑगस्ट 2025 पासून तिथे इलेक्ट्रिक गाड्यांना टोलही माफ आहे.